शिकविणारीचें शिक्षण

शुश्रूषेला दया हवी हें खरें. पण नुसत्या दयेनें जखम बांधतां येत नाहीं. म्हणूनच १८६० सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या प्रेरणेनें लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. पुढें अमेरिकेंत अशा शाळा झपाट्यानें वाढल्या व १९०० पर्यंत त्यांनीं चारशेंचा आंकडा ओलांडला.

पण शिकवावयाचें कोणीं? रुग्णालयें चालत तीं विद्यार्थिनींच्याच श्रमावर. पाठ बहुधा रात्रीं होत. ऐकणाऱ्या मुली दिवसभर राबून पेंगुळलेल्या, आणि सांगणारी वॉर्डाच्या कामांतून कशीबशी सुटलेली. या उणिवेचा दंड भरावा लागे तो मात्र खाटेवरच्या रोग्यास.

उत्तम परिचारिका ही उत्तम शिक्षिका असतेच असें नाहीं. शिकविणें ही निराळी विद्या आहे, हें इझाबेल हॅम्प्टन रॉबबाईंनीं ओळखलें. त्यांच्या व सहकारिणींच्या खटपटीनें १८९९ सालीं न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजांत अनुभवी परिचारिकांसाठीं स्वतंत्र वर्ग सुरू झाला. पहिल्या वर्षीं विद्यार्थिनी अवघ्या दोन! तरीहि वर्ग टिकला. रॉबबाईंच्याच शिष्या ॲडलेड नटिंगबाई १९०७ सालीं तेथें प्राध्यापक झाल्या. परिचर्येच्या क्षेत्रांत हा मान मिळविणाऱ्या जगांतील त्या पहिल्याच.

रोग्याच्या उशाशीं बसलेली मुलगी आपणांस दिसते. तिला नाडी पाहावयास शिकविणारी दिसत नाहीं. परिचारिका पुरत नाहींत अशी ओरड होते, तेव्हां आधीं मोजावयास हव्यात त्या शिक्षिका.