आधी क, मग वेलांटी

मराठी संगणकावर केव्हा आली, या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा डोळ्यांच्या हिशेबाने देतो. पडद्यावर देवनागरी दिसू लागली, की मराठी आली! अंध वाचकांपर्यंत मात्र ती त्यानंतरही बरीच वर्षे पोहोचली नव्हती.

१९९० च्या दशकात आणि पुढेही काही काळ अनेक मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र फाँट वापरीत. त्यांत देवनागरी हे निव्वळ चित्र असे. पडद्यावर ‘क’ दिसला, तरी संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. स्क्रीन रीडर चित्र वाचत नाही, साठवलेले अक्षर वाचतो. साहजिकच अंध वाचकाच्या कानी अग्रलेखाऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची माळ पडे.

‘कि’ हे अक्षर घ्या. लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना नंतर. टंकयंत्राच्या वळणाचे फाँट हाताचा क्रम जपत. ‘इस्की’ या भारतीय मानकाने, आणि त्याच्या आधारे १९९१ पासून युनिकोडमधील देवनागरीने, उच्चाराचा क्रम धरला: आधी क, मग वेलांटी. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्येही क्रम हाच आहे. म्हणजे बोटांनी वाचणाऱ्यांच्या लिपीत हा विचार चाळीस वर्षे आधीच रुजला होता. लिपीविषयीच्या आपल्या चर्चांत (आमच्या अध्यापनातही) त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

२००६ मध्ये मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य स्क्रीन रीडर लिहायला घेतला, तेव्हा महागड्या प्रणालींना पर्याय मिळाला. कायद्याची अडचण २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने दूर केली. २०१४ मध्ये माराकेश कराराला अनुसमर्थन देणारा भारत पहिला देश ठरला.

आणि तरीही गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका अंध विद्यार्थिनीला आम्हीच बारा समीक्षालेखांच्या पीडीएफ पाठवल्या, त्या सगळ्या पानांची छायाचित्रे होती. तिच्या यंत्राने दस्तऐवज रिकामा असल्याचे सांगितले. तिने तक्रार केली नाही. मैत्रिणीकडून वाचून घेतले. अक्षरओळखीची प्रणाली जुन्या छपाईतील जोडाक्षरांवर अडखळते, म्हणून ते लेख आम्ही स्वतः टंकलिखित करायला घेतले आहेत. चार झाले.