हुकूम कुणाचा? ‘फोर्ट स्टिकिन’चे अखेरचे तास

दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाज सहसा एकटे निघत नसे. वीस-पंचवीस, कधी चाळीस-पन्नास जहाजांचा ताफा रांगा धरून चाले आणि भोवती युद्धनौकांचा पहारा असे. तेलाची आणि दारूगोळ्याची जहाजे शक्यतो मधल्या रांगांत ठेवत. मालवाहू जहाजांवर हुकूम ताफ्याच्या कमोडोरचा आणि संरक्षणाची जबाबदारी पहाऱ्यावरच्या ज्येष्ठ नौदल अधिकाऱ्याची. पाणबुडीची चाहूल लागली तर कोणी काय करायचे, हे बंदर सोडण्याआधीच ठरलेले असे.

या पहाऱ्यात आपल्या नद्यांची नावे घेतलेल्या नौकाही होत्या. गेवराई, माजलगाव, परळीच्या कडेने बीड जिल्ह्याची उत्तर सीमा आखत जाणारी गोदावरी आपण जाणतो. तिचे नाव रॉयल इंडियन नेव्हीच्या एका नौकेला होते. ब्रिटनमध्ये बांधलेली ही ब्लॅक स्वान वर्गातली नौका ताफ्यांच्या संरक्षणाचे आणि पाणबुड्या हुडकण्याचे काम करी. ऑगस्ट १९४४ मध्ये ‘गोदावरी’ आणि ब्रिटिश ‘फाइंडहॉर्न’ यांनी मिळून सेशेल्सजवळ जर्मनांची यू-१९८ ही पाणबुडी बुडवली.

असाच पहारा घेऊन निघालेले ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईत सुखरूप पोचले. वाटेत त्याला शत्रूचा टॉर्पेडो लागला नाही. घात झाला तो धक्क्याला बांधल्यावर, दिवसाउजेडी, बंब आणि अधिकारी हजर असताना. धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंत दोन तासांहून जास्त वेळ हाताशी होता. तो कसा गेला, हे क्रमाने पाहायला हवे.

२४ फेब्रुवारी १९४४, बर्कनहेड

‘फोर्ट स्टिकिन’ इंग्लंडचा किनारा सोडते. १९४२ मध्ये कॅनडात बांधलेले हे ७,१४२ टनी जहाज. कप्तान अलेक्झांडर जेम्स नेस्मिथ. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके : तोफगोळे, टॉर्पेडो, सुरुंग. त्यातली २३८ टन तर अतिसंवेदनशील वर्गातली. सोबत खोक्यांतून बांधलेली स्पिटफायर विमाने, आणि पोलादी पेटीत बंद केलेल्या सोन्याच्या विटा. जिब्राल्टर आणि पोर्ट सईद मागे टाकून जहाज कराचीला येते.

एप्रिलचा पहिला आठवडा, कराची

विमाने उतरतात. रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी चढतात. शिवाय तेलाची पिंपे, लाकूड, भंगार. युद्धामुळे जहाजांत जागा मिळणे मुश्कील. कोपरान् कोपरा भरायचा, असा रिवाज पडलेला. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यात, खाली कापूस रचला जातो. त्याच होल्डमध्ये वर स्फोटके आहेत.

ही मांडणी किती घातक होती, हे कापसाच्या मुलुखातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जिनमध्ये सरकी काढलेली रुई प्रेसखाली दाबून गाठ बांधतात, तेव्हा आतली हवा पूर्ण जात नाही. ठिणगी एकदा आत शिरली की गाठ भडकत नाही, धुमसते. बाहेरून नुसती करपलेली दिसते. वरून पाणी मारले तर दाबलेल्या रुईवरून ते निथळून जाते आणि आतला निखारा तसाच राहतो. म्हणून गाठ पेटली की ती बाहेर ओढायची, पट्ट्या तोडायच्या, फोडून मोकळी करायची आणि मग भिजवायची, हीच रीत. जहाजाच्या तळाशी, गाठीवर गाठ रचलेल्या अंधाऱ्या होल्डमध्ये ती पाळायची सोय नव्हती.

१२ एप्रिल, मुंबई

जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये एक नंबरच्या धक्क्याला लागते. धोक्याचा माल असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचे, असा नियम. ‘फोर्ट स्टिकिन’वर ते चढत नाही. धक्क्यावर वावरणाऱ्या हमालाला, शेजारच्या जहाजावरच्या खलाशाला, भिंतीपलीकडे मांडवीत धान्याची वखार उघडून बसलेल्या व्यापाऱ्याला आपल्या शेजारी काय उभे आहे, याची खूण मिळत नाही. माल उतरवायला सुरुवात होते, पण सगळ्यात आधी उतरायला हवी होती ती स्फोटके रेंगाळतात.

१४ एप्रिल, शुक्रवार, दुपारी साडेबारा

जेवणाची सुट्टी. होल्डमधले कामगार वर येतात. या सुट्टीतच शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना ‘फोर्ट स्टिकिन’मधून धुराची रेघ निघताना दिसते. ज्याचे जहाज त्याला ठाऊक असेलच, असे वाटून कोणी आरोळी देत नाही. लाल निशाण डोलकाठीवर असते, तर हीच रेघ पाहून धक्काभर धावपळ उडाली असती.

दुपारी पाऊण ते दोन

सुट्टी संपवून कामगार पुन्हा होल्डमध्ये उतरतात. दोनच्या थोडे आधी दोन नंबरच्या होल्डमध्ये गाठींच्या आडून धूर येताना त्यांना दिसतो. ते ओरडत वर येतात. खलाशी जहाजावरच्याच नळ्या जोडून पाणी सुरू करतात. धूर दाट आहे, पण ज्वाळा नाही. आग नेमकी कुठे आहे, ते कळत नाही.

दोन ते अडीच

मुंबई फायर ब्रिगेडला वर्दी पोचते, पण उशिराने. आधी थोडेच बंब येतात. जहाजात काय भरले आहे ते समजल्यावर आणखी बंबांची मागणी जाते. एवढा दारूगोळा ज्या जहाजात आहे, तिथे धूर दिसल्या क्षणी सगळे दल यायला हवे होते. दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या समितीने पुढे या उशिरावर बोट ठेवले.

अडीच ते तीन

आता धक्क्यावर अधिकारी जमले आहेत. दारूगोळ्याचे जाणकार कॅप्टन ओबर्स्ट यांना मालाची यादी पाहताच प्रसंग उमगतो. जहाज बुडवा, असे त्यांचे म्हणणे. गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर यांचा आग्रह वेगळा : जहाज धक्क्यापासून सोडवून उघड्या समुद्रात न्या. फायर ब्रिगेडचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स यांना वाटते, पाण्याचा मारा वाढवला तर आग आटोक्यात येईल. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि तिघांपुढेही अडचण आहे. धक्क्याशी पाणी उथळ; जहाज तळाला टेकले तरी होल्ड पूर्ण बुडेल याची खात्री नाही. बाहेर नेताना गोदीच्या अरुंद दारातच स्फोट झाला तर? आणि पाणी मारत राहावे, तर हाताशी वेळ किती?

एक रस्ता मात्र कोणी धरत नाही. होल्डची तोंडे बंद करून आत वाफ सोडायची आणि आगीची हवा तोडायची, ही सोय जहाजांवर असे. ती वापरली नाही, हाही ठपका समितीने ठेवला.

नेस्मिथ कप्तान, जहाज त्यांचे. धक्का पोर्ट ट्रस्टचा. माल लष्कराचा. बंदरावर नौदलाची नजर. आग विझवणे ब्रिगेडचे काम. ताफ्यात असताना या जहाजाला कोणत्याही क्षणी एकाचा हुकूम पाळायचा होता. आता जहाजाभोवती पाच जबाबदाऱ्या उभ्या आहेत आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे ठरलेले नाही. म्हणून जे आधीपासून चालू आहे तेच चालू राहते : पाणी.

तीन ते साडेतीन

धक्क्यावरून आणि पाण्यावरच्या अग्निशमन बोटींतून मारा चालू आहे. एकूण ९०० टनांहून अधिक पाणी होल्डमध्ये जाते. पाणी चढते, तसा जळता कापूस त्यावर तरंगत वर सरकतो, आणि वर स्फोटके आहेत. आत गेलेले पाणी उकळू लागते. जहाजाच्या बाजूच्या पत्र्याचा रंग फुगून सोलतो. आगीचे मूळ कुठे आहे, हे जहाज आता स्वतःच बाहेरून दाखवते आहे; पण पोलादापलीकडे पोचायला वाट नाही.

बंबवाले डेकवर उभे आहेत. पायाखालचे लोखंड तापलेले, धुराने डोळे उघडत नाहीत, आणि कशावर उभे आहोत हे आता त्यांच्यातल्या अनेकांना कळून चुकले आहे. तरी नळी सोडून कोणी जात नाही.

तीन वाजून पन्नास मिनिटे

होल्डमधून ज्वाळा उसळते. जहाज सोडण्याचा हुकूम सुटतो. सबंध दुपारभरात निःसंदिग्ध म्हणावा असा हा पहिलाच हुकूम. माणसे उतरतात, पण कुठवर पळायचे हे कोणी सांगितलेले नाही. बरेच जण धक्क्यावरच रेंगाळतात. बाहेरच्या रस्त्यांवर, गोदामांत आणि मांडवीत काम चालू आहे. परिसर रिकामा करा, अशी दवंडी फिरलेली नाही.

चार वाजून सहा मिनिटे

पहिला स्फोट. जहाजाचे दोन तुकडे होतात. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटतात. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर नोंद उमटते. सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्यातही कंप टिपला जातो. गोदीतले पाणी भिंतीसारखे उठते आणि शेजारचे ‘जलपद्म’ हे हजारो टनांचे जहाज उचलून धक्क्यावर फेकते. कप्तान नेस्मिथ ठार होतात. शेवटपर्यंत नळी धरून राहिलेले बंबवाले जागच्या जागी जातात.

आभाळातून पेटलेल्या गाठी पडू लागतात. जिथे पडतील तिथे आग : जहाजांवर, गोदामांवर, मांडवी आणि मशीद बंदरच्या वखारींवर, दाटीने उभ्या असलेल्या चाळी-झोपड्यांवर. सोन्याच्या विटाही उडतात. सुमारे मैलभर अंतरावर एका पारशी गृहस्थाच्या घरात अशी एक वीट कोसळली. त्यांनी ती सरकारजमा केली.

चार वाजून चौतीस मिनिटे

दुसरा स्फोट, मागच्या भागातल्या दारूगोळ्याचा. मधल्या अर्ध्या तासात जखमींना उचलायला, अडकलेल्यांना काढायला जे धावून आले होते, ते या स्फोटात सापडतात. आवाज ऐंशी किलोमीटरपर्यंत ऐकू जातो. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या उद्ध्वस्त होतात.

संध्याकाळ आणि पुढचे दिवस

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मुंबई फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले. एकूण मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात. सरकारी आकडा सातशेच्या वर, इतर अंदाज बाराशेच्याही पुढे. धक्क्यावर रोजंदारीवर आलेल्या कित्येकांची नावे कोणत्याच वहीत नव्हती, तेव्हा खरा आकडा लागणार तरी कसा? सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. बंगालच्या दुष्काळाच्या लगतच्या त्या वर्षात पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळाले. पुढे ८,००० माणसांनी सात महिने राबून सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसला, तेव्हा गोद्या पुन्हा चालू झाल्या. युद्धकालीन सेन्सॉरमुळे बातमीदारांना तपशील पाठवण्याची मुभा मे महिना उजाडल्यावर मिळाली.

चौकशी समितीने ठेवलेले ठपके नीट वाचले तर ध्यानात येते की त्यात अद्भुत असे काही नाही. स्फोटकांखाली कापूस रचला. निशाण लावले नाही. स्फोटके उतरवायला उशीर केला. वाफेचा उपाय केला नाही. फायर ब्रिगेडला वेळेवर बोलावले नाही. यातली एकही गोष्ट अवघड नव्हती, महागही नव्हती. त्या दिवशी धैर्य कमी पडले, असे म्हणणे तर त्या ६६ जणांवर अन्याय होईल. ज्ञानही कमी नव्हते. ओबर्स्टना धोका कळला होता, सॅडलरना कळला होता. सगळ्यांचे ऐकून घेऊन ‘आता असे करा’ असे सांगण्याचा अधिकार एका माणसाकडे नव्हता. त्यापायी समुद्रावर शत्रूलाही जे जमले नाही ते बंदरात घडले.

त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि पुढे आठवडाभर सप्ताह चालतो. पुष्पचक्रे वाहिली जातात, प्रात्यक्षिके होतात. ते योग्यच आहे. पण त्याच आठवड्यात बीड, गेवराई, माजलगावच्या प्रत्येक जिनिंग-प्रेसिंगमध्ये, प्रत्येक साखर कारखान्यात, गोदामात आणि फटाक्यांच्या साठ्यावर तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. आत काय साठवले आहे, ते दारावर ठळक लिहिले आहे का? धूर दिसला की पहिला फोन कोणी, कुठे करायचा, हे रात्रपाळीच्या हमालालाही ठाऊक आहे का? आणि मालक, मॅनेजर, पोलीस, तहसीलदार, बंबाचा अधिकारी असे सगळे दारात उभे असताना कुणाचा शब्द शेवटचा मानायचा, हे कागदावर नावानिशी ठरले आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘तेव्हाचे तेव्हा बघू’ असे येत असेल, तर पहिल्या दोन उत्तरांवर विसंबू नये. मुंबईच्या गोदीत तेव्हाचे तेव्हा बघायला दोन तास मिळाले होते आणि तेही पुरले नाहीत.