इंद्रजाल कॉमिक्समधील लोथार : संग्रह
मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही चित्रकथामाला १९६४ ते १९९० या काळात निघाली. तिचे अंक मराठीतही येत. वेताळ (फँटम) या नायकाबरोबर तिच्यात जादूगार मँड्रेकही गाजला. ली फॉक यांच्या मँड्रेक मालिकेतील (१९३४) आफ्रिकी राजपुत्र लोथार हा चित्रकथांतील सुरुवातीच्या कृष्णवर्णीय नायकांपैकी एक. आरंभी बिबट्याचे कातडे नेसलेला, तोडकेमोडके बोलणारा सेवक म्हणून त्याला रंगवले, हा त्याच्यावर अन्यायच होता. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स मालिकेचे चित्रकार झाल्यावर तो मँड्रेकचा बरोबरीचा मित्र झाला. संग्रहासाठी जुना अंक घेताना पिना गंजल्यात का, मधली जोडपाने जागेवर आहेत का, हे पाहावे. पिंपरी-चिंचवडकरांनी घरातले मराठी अंक रद्दीत घालू नयेत.