संगणकाच्या दप्तरातील शोध : १९४३ ते २०२५

१. संगणकाच्या काळ्या पडद्यावर प्रोग्रामर साध्या भाषेत प्रश्न टाकतो : ‘चुकीचा पासवर्ड दिल्यावर या प्रणालीत नेमके काय घडते?’ कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन शेकडो फाइली चाळते आणि उत्तर देते. सोबत फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांकही. हे दृश्य २०२५ मधले. त्याची पाळेमुळे मात्र १९४३ पर्यंत जातात.

२. कोडमध्ये शोधण्यासारखे असते तरी काय? एकट्या लिनक्सच्या गाभ्यातच आज ३ कोटींहून अधिक ओळी आहेत. १९९१ पासून हजारो हातांनी त्या लिहिल्या. लिहिणारे निघून जातात, कोड मात्र चालत राहतो. म्हणूनच नव्या माणसाचा बराचसा वेळ जुने समजून घेण्यात जातो.

३. १९४३. अमेरिकेत चेताशास्त्रज्ञ वॉरेन मॅकलक आणि जेमतेम विशीतले तर्कशास्त्रज्ञ वॉल्टर पिट्स यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. चेतापेशी एक तर उद्दीपित होते किंवा होत नाही, एवढे गृहीत धरून अशा पेशींच्या जाळ्यातून तर्कशास्त्रातील विधाने मांडता येतात, असे त्यांनी दाखवले. आजच्या न्यूरल नेटवर्कच्या वंशावळीतील हे आद्य पान.

४. १९५१ मध्ये गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी पुढचा प्रश्न विचारला : असे जाळे कोणकोणते आकृतिबंध ओळखू शकेल? उत्तर मांडण्यासाठी त्यांनी एक सांकेतिक पद्धत रचली. तिचेच पुढचे रूप म्हणजे ‘रेग्युलर एक्सप्रेशन’. मजकुरात शोध घेण्याची ही भाषा जन्मली ती मेंदूच्या अभ्यासातून!

५. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी क्लीनींचे गणित यंत्राच्या हाती दिले. रेग्युलर एक्सप्रेशनचे रूपांतर शोध घेणाऱ्या प्रोग्राममध्ये कसे करावे, हे सांगणारा त्यांचा निबंध त्या वर्षी प्रसिद्ध झाला. पुढे बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवताना त्यांनी ही सोय ‘ईडी’ या मजकूर-संपादकात बसवली.

६. यानंतरचे वळण इतिहासप्रेमींनी अवश्य लक्षात ठेवावे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख लिहिले गेले. लेखक तीन : हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. त्यांतील काही लेख नेमके कोणाचे, हा वाद दीर्घकाळ चालला. बेल लॅब्जमधील ली मॅकमहन या लेखांच्या मजकुराची संगणकावर छाननी करून लेखकाचा माग काढू पाहत होते.

७. अडचण अशी की ‘ईडी’ला सगळा मजकूर एकाच वेळी स्मृतीत घ्यावा लागे आणि तेव्हाच्या यंत्राची स्मृती त्याला पुरत नसे. तेव्हा थॉम्पसन यांनी शोधाचा भाग वेगळा काढून एक स्वतंत्र साधनच सिद्ध केले : ‘ग्रेप’. ‘सर्व ओळींत हा आकृतिबंध शोध आणि छाप’ या ईडीतील आज्ञेची आद्याक्षरे म्हणजे हे नाव. १९७३ च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ते समाविष्ट झाले.

८. ग्रेपला अक्षरे कळतात, अर्थ कळत नाही. ही मर्यादा वाय-टू-के संकटात ठळक झाली. जुन्या कोबोल प्रोग्राममध्ये वर्ष दोनच अंकांत साठवलेले असे. ‘इयर’ हा शब्द शोधला तर तो शब्द असलेल्या ओळी सापडत. पण कुणी त्या जागेला भलतेच नाव दिले असेल, तर? मग माणसांनीच ओळ न् ओळ वाचायची. भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना त्या काळात मोठे काम मिळाले ते यातूनच.

९. मधल्या काळात ‘सीटॅग्ज’, ‘सीस्कोप’ यांसारखी साधने आली. अमुक फंक्शन कुठे लिहिले आहे, त्याला कोण बोलावते, हे ती सांगत. तरीही शोधणाऱ्याला नाव आधी ठाऊक असावे लागे. ज्याला नावच ठाऊक नाही, त्याने विचारायचे कसे?

१०. इकडे मॅकलक-पिट्स यांची शाखा चढउतार सोसत वाढत होती. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना मांडली. तिच्यावर उभी राहिलेली भाषाप्रारूपे मानवी भाषेबरोबर कोडही वाचू लागली. पण एका वेळी ठरावीक मजकूरच त्यांच्या नजरेत मावतो. अवाढव्य कोड एका घासात गिळणे त्यांनाही अशक्य.

११. २०२५ मध्ये अँथ्रोपिकचे ‘क्लॉड कोड’, ओपनएआयचे ‘कोडेक्स सीएलआय’ आणि गूगलचे ‘जेमिनी सीएलआय’ ही साधने आली. तिन्ही टर्मिनलमध्ये, म्हणजे ग्रेपच्या जुन्याच अंगणात, चालणारी.

१२. काम कसे चालते? प्रश्न ऐकून प्रारूप संभाव्य शब्दांचा अंदाज बांधते, ते फाइलींत शोधते, सापडलेला भाग वाचते, त्यातून नवा धागा उचलते आणि पुन्हा शोधते. या शोधासाठी हाताशी असते ते बहुधा ग्रेप किंवा त्याचा २०१६ मधला वेगवान वारस ‘रिपग्रेप’. चेतापेशींच्या अभ्यासातून फुटलेल्या दोन शाखा इथे पुन्हा एकत्र येतात : न्यूरल नेटवर्क स्वतःच रेग्युलर एक्सप्रेशन लिहिते!

१३. मात्र बखर आणि अस्सल कागद यांतला फरक इथेही लागू पडतो. साधनाने केलेले विवेचन ही बखर. ओघवती, खात्रीच्या सुरातली, पण क्वचित चुकणारी. कधी ते वापरातून गेलेले फंक्शनच चालू समजते, कधी महत्त्वाची फाइल त्याच्या नजरेतून सुटते. कोडची ओळ हा अस्सल कागद. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या प्रणालीत बदल करणाऱ्याने बखरीवर विसंबून हात घातला, तर भोगावे लागते ते खातेदाराला, रुग्णाला. म्हणून उत्तरातील फाइल उघडावी, ओळ वाचावी, चाचणी चालवून पाहावी.

१४. मॅकमहन यांचा प्रश्न होता, ‘हे लिहिले कोणी?’ कोडच्या बाबतीत त्याचे उत्तर आज ‘गिट’ क्षणात देते. २००५ पासूनची ही प्रणाली कोणत्या ओळीला शेवटचा हात कोणी आणि कधी लावला, याची नोंद ठेवते. हे साधन ती नोंदही वाचू शकते. पण ‘असे का लिहिले?’ याचे कारण कुणी टिपूनच ठेवले नसेल, तर त्याच्या हाती उरतो केवळ तर्क. आज कोड लिहिणाऱ्याने बदलासोबत कारणाच्या दोन ओळी लिहून ठेवल्या, तर उद्या शोधणाऱ्याला, मग तो माणूस असो वा यंत्र, अस्सल कागद मिळेल.