देवणीचा काळा रंग

औसा, निलंगा, उदगीर या पट्ट्यात देवणी गोऱ्ह्याचा रंग विचारा. 'काळा-पांढरा' एवढ्यावर कोणी थांबणार नाही. तो वानेरा, बाळंक्या की शेवेरा, हे तुम्हांला आधी सांगतील. वानेरा म्हणजे अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू वानराच्या तोंडासारख्या काळ्या. बाळंक्याचे अंग स्वच्छ पांढरे. काळे ठिपके असलेच तर खाली, पोटाकडे. शेवेऱ्याच्या अंगावर मात्र शाईची दौत लवंडावी तसे काळे ठिपके कसेही पसरलेले. ज्या मुलखात रंगाची एवढी बारीक वाटणी होते, तिथे तो राखण्याची चिंताही असणारच. त्या काळ्या रंगाचीच हकीकत इथे सांगायची आहे.

देवणी ही जात फार पुरातन नव्हे. जोशी आणि फिलिप्स यांनी भारत-पाकिस्तानातील गुरांवर लिहिलेला ग्रंथ 1953 साली जागतिक अन्न व शेती संघटनेने प्रसिद्ध केला. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाच्या पश्चिम भागात, स्थानिक गुरांत गीर आणि डांगी यांचे रक्त मिसळून ही जात घडली, असे जाणकार मानतात. गीरचे फुगीर कपाळ आणि लोंबते कान देवणीत दिसतात ते त्यामुळे. नाशिक-नगरच्या घाटातली डांगी गुरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना शेवेऱ्याचे ठिपकेही ओळखीचे वाटतील. डांगीची आणखी एक गंमत आहे. तिच्या कातडीतून तेलकट अंश पाझरतो, आणि घाटातल्या मुसळधार पावसात तिचे अंग त्याने राखले जाते. म्हणजे तकाकी ही मुळात आतून येणारी गोष्ट, वरून फासायची नव्हे.

मधल्या काळात सरहद्दी पुष्कळ हलल्या. निजामाच्या राज्यात औसा उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदर जिल्ह्यात. 1956 साली तेही तालुके उस्मानाबादला जोडले गेले आणि 1982 साली लातूर जिल्हा वेगळा झाला. गुरांना त्याचे काय? आजही बीदरकडच्या गोठ्यांत तीच देवणी उभी असते.

आता प्रदर्शनाकडे वळू. मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, महाशिवरात्रीला लातूरला सिद्धेश्वराची. दोन्हीकडे जनावरे मांडावर येतात. हाळी-हंडरगुळीचा बाजार तर खरेदी-विक्रीचाच. अशा ठिकाणी जनावर नेण्याच्या आदल्या रात्री मालकाची जी धांदल उडते, ती निम्मी फुकटची असते, असे माझे स्पष्ट मत आहे. भरपूर तेल चोपडले की काळा भाग रात्री कंदिलाच्या उजेडात झकास चमकतो खरा. पण यात्रेतली धूळ त्यावर बसली की दुपारपर्यंत तोच भाग मातकट दिसू लागतो. काजळी तेलात खलून ठिपक्यांवर चोळणारेही महाभाग असतात. ओला पांढरा रुमाल एकदा फिरला की त्यांचे पितळ उघडे पडते.

काळा केस तांबूस का पडतो, हे समजून घेतले तर पुष्कळ कामे सोपी होतात. पहिले कारण ऊन. केसातले काळे रंगद्रव्य उन्हाने हळूहळू विटते. छत्रीचे काळे कापड विटते ना, तसेच. म्हणून ज्याला यात्रेला जनावर न्यायचे आहे, त्याने ते दोन प्रहरच्या उन्हात दावणीला ठेवू नये, लिंबाखाली बांधावे. दुसरे कारण घाम, शेण आणि मूत यांचे डाग. रोज खरारा करावा. केस ज्या दिशेने वळले आहेत त्या दिशेनेच हात फिरवावा. साध्या पाण्याने धुवावे, कपड्यांचा सोडा लावू नये, आणि अंग सावलीत वाळू द्यावे. मग तळहाताला पुसट लागेल एवढेच करडीचे तेल पुरे.

तिसरे कारण मात्र पोटातले आहे, आणि ते सगळ्यांत महत्त्वाचे. केसाला काळेपणा येण्यासाठी शरीरात तांब्याचा सूक्ष्म अंश लागतो. तो कमी पडला की काळा केस गंजल्यासारखा तांबूस होतो, कधी डोळ्यांभोवती करडा पडतो. वर्षभर नुसत्या कडब्यावर राहिलेल्या जनावरात क्षारांची उणीव पडण्याचा धोका असतोच. हिरवी वैरण आणि क्षारांचे मिश्रण चालू केले तरी जुना केस सुधारत नाही. नवा उगवतो तो काळा येतो. त्याला महिने लागतात. आणि एक बजावून सांगतो : तांबे म्हणून घरातला मोरचूद जनावराला चारू नका. त्याचा अंश जास्त झाला तर ते विष आहे. जनावरांच्या डॉक्टरला विचारूनच काय ते द्यावे.

पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदमळणीत हे शहाणपण थोडेफार आलेले दिसते. तूप-हळद लावतात ती जुवाने घासलेल्या खांद्याला. हिंगूळ आणि बेगड शिंगांना. अंगावर गेरूचे ठसे उठवतात, ते सणाचे कौतुक; प्रदर्शनाच्या दिवशी मात्र अंग कोरे हवे.

मराठवाडी म्हशीची गोष्ट निराळी. तिचा रंग करडट काळ्यापासून गडद काळ्यापर्यंत. शिंगे मानेला समांतर, खांद्यापर्यंत गेलेली. तिला भादरून तेल लावतात ते शोभतेही, पण भादरलेल्या काळ्या कातडीवर ऊन थेट बसते आणि म्हशीला घाम फारसा येत नाही. यात्रेत तिला डुंबायला नसेल तर अंगावर पाणी मारत राहणे भाग आहे.

आणि आता रंगाचा एक नवाच पेच पडला आहे. संकरीकरणाने होल्स्टिनचे रक्त गावोगाव पोहोचले, आणि तीही काळी-पांढरीच! देवणीचा दाखला म्हणून जो रंग पूर्वी पुरत असे, तो आता पुरत नाही. म्हणून जाणता परीक्षक ठिपक्यांवरून नजर फिरवतो आणि लगेच वशिंड बघतो, कपाळ बघतो, कानांची लोंब बघतो. गाय असेल तर कासेखाली हात घालतो, बैल असेल तर चार पावले चालवून पाय पाहतो. कारण देवणी पाळली गेली ती दूध आणि औत दोन्हींसाठी. ट्रॅक्टर आल्यापासून औताचा बैल दावणीवरून कमी होत चालला आहे. अशा वेळी केवळ तोंड सुरेख काळे म्हणून वळू निवडला आणि त्याच्या आईचे दूध विचारलेच नाही, तर पुढच्या दहा वर्षांत वानेऱ्याचे तोंड तेवढे उरेल. तेव्हा माळेगावला वळू पसंत पडला तर त्याच्या मालकाला आधी एवढेच विचारा : याची आई किती दूध देते, आणि ती आत्ता कुठे आहे?