सत्यवचनी राजा आणि दोन मैलांची जाहिरात

‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या दोन जाहिराती माझ्या टिपणवहीत शेजारी शेजारी उतरवलेल्या आहेत. पहिली मुंबईच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’मधली, ३ मे १९१३ ची. दुसरी त्यानंतरची, सुरतेच्या खेळांसाठी दादासाहेब फाळक्यांनी केलेली. चित्रपट एकच, जाहिरात देणारा माणूसही एकच. पण मजकूर इतका वेगळा, की दोन्हींमध्ये राजाच्या नावाखेरीज काही समान आहे का, असा प्रश्न पडावा.

मुंबईच्या इंग्रजी जाहिरातीत सांगितले होते ते असे : हिंदी बनावटीचा हा पहिलाच चित्रपट, विषय पुराणातला आणि बोधप्रद, खर्च अफाट, शिवाय काशीक्षेत्रातली अस्सल दृश्ये. खाली तळटीप होती ती प्रवेशाचे दर दुप्पट असल्याची. गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये येणारा प्रेक्षक विलायती चित्रपट पाहून तयार झालेला होता. ‘आपला पहिला’ या शब्दाची किंमत त्याला कळत होती, आणि त्या शब्दासाठी दुप्पट दर द्यायचीही त्याची तयारी होती.

सुरतेत हे नाणे चालले नाही. चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदवलेली हकीकत अशी, की पहिल्या खेळाचा गल्ला अवघा तीन रुपये झाला. तिथल्या यजमानाची तक्रार सरळ होती. दोन आण्यांत लोकांना सहा तासांचे नाटक मिळते. तुमचा खेळ दीड तासात आटोपतो आणि वर तीन आणे मागता! यावर फाळक्यांनी नवी जाहिरात काढली. तिचा आशय असा : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे फक्त तीन आण्यांत. पुढे गल्ला तीनशे रुपयांवर गेला, असे सांगतात.

यजमानाची तक्रार वेळेची होती, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. फाळक्यांनी वेळेबद्दल अवाक्षर काढले नाही. खेळ छोटा असला तरी सुंदर आहे, अशी विनवणीही केली नाही. त्यांनी मापच बदलले. तासांत मोजले तर नाटक जिंकणार. चित्रांत आणि मैलांत मोजले तर नाटकाला उत्तरच नाही. शिवाय १९११ च्या शिरगणतीप्रमाणे देशात साक्षर जेमतेम ६ टक्के. म्हणजे जाहिरात वाचणारा एक आणि ऐकणारे दहा. ‘दोन मैल’ हा आकडा कानांनी ऐकूनही डोळ्यांपुढे उभा राहतो. गावच्या वेशीपासून पलीकडच्या ओढ्यापर्यंतचे अंतर कुणालाही ठाऊक असते. दर मात्र शेवटी, म्हणजे माल मोठा वाटून झाल्यावर.

हे कसब फाळक्यांकडे आयते आले नव्हते. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छायाचित्रकार होते, ब्लॉक करणारे होते, छापखानेवाले होते. रंगीत छपाईची यंत्रे आणायला १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. कागदावरच्या कोणत्या ओळीवर नजर थांबते, हे असा माणूस पुस्तकातून शिकत नाही.

एवढे लिहून मी थांबलो असतो, तर हा लेख कौतुकाचा झाला असता. पण एका रात्री मी सहज हिशेब मांडला. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे एका चित्राला पाऊण इंच. ५७,००० चित्रांची फीत होते सुमारे ३,५६२ फूट. चित्रपटाची नोंदलेली लांबी ३,७०० फूट आहे. म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा अगदी प्रामाणिक, किंबहुना थोडा कमीच. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. जवळजवळ तिप्पट! तेवढ्या फितीवर पावणेदोन लाखांच्या आसपास चित्रे मावतील. एकाच जाहिरातीतले हे दोन आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत.

आणि चित्रपट कुणाचा? स्वप्नात दिलेल्या शब्दासाठी राज्य सोडणाऱ्या हरिश्चंद्राचा.

फाळक्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पदरचे सारे पणाला लावून उभ्या केलेल्या चित्रपटाला तीन रुपये गल्ला होताना ज्याने पाहिला, त्याच्याशी दिव्याखाली बसून गणिताचा वाद घालणे सोपे आहे. पण मला वाटते, मोजायची गरज होती ती फक्त सत्तावन्न हजारांची. तो आकडा खरा होता आणि तेवढाच थक्क करणारा होता. दोन मैल नसते, तरी माप बदलण्याची युक्ती शाबूत राहिली असती.

हा हिशेब मांडला तेव्हा माझ्यासमोर आमच्या वाचनालयाच्या वर्गणीदार-मोहिमेचे पत्रक पडले होते. त्यात मी ग्रंथसंख्या लिहिली होती ती दाखल नोंदवहीतल्या शेवटच्या क्रमांकावरून. त्या क्रमांकात हरवलेली, वाळवीने खाल्लेली, बाद केलेली सगळी पुस्तके जमा असतात. दुसऱ्या दिवशी कपाटे मोजून आकडा बदलला. तो बराच लहान निघाला. मग त्याच्या जोडीला महिन्याची वर्गणी आणि एका चहाची किंमत, एवढे दोनच आकडे ठेवले.




पत्रक छापायला गेले, तेव्हा त्यातले तिन्ही आकडे खरे होते.