मानवंदना आणि निषेध

सातपाटीच्या पापलेटाची कीर्ति मुंबईच्या घराघरांत पोंचलेली आहे. परंतु समुद्रकांठच्या या मच्छीमार गांवाची आणखी एक ओळख आहे, व ती पालघरच्या हुतात्मा चौकांत जपलेली आहे. १९४२ च्या ८ ऑगस्टला मुंबईस 'चले जाव'चा ठराव संमत झाला. त्यानंतर सहाच दिवसांनीं, १४ ऑगस्टला, सातपाटी व आसपासच्या गांवांतून निघालेले लोक तिरंगा घेऊन पालघरच्या सरकारी कचेरीवर चालून गेले. पोलिसांनीं गोळीबार केला. सातपाटीचे काशिनाथ पागधरे आणि त्यांच्यासह गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी व सुकुर मोरे असे पांच जण प्राणांस मुकले.

त्या दिवशीं कचेरीवर फडकण्याचा अधिकार एकाच निशाणाला होता, आणि सरकारी समारंभांत ज्याच्यासाठीं उभें राहावयाचें तें गीतही एकच होतें, इंग्लंडच्या राजाचें आयुष्य चिंतणारें. तेव्हांच्या सत्तेच्या लेखीं हे पांच जण दंगेखोर ठरले. आपल्या लेखीं ते हुतात्मे आहेत. निशाणापुढें उद्धट कोण आणि निष्ठावंत कोण, याचा निकाल काळाबरोबर असा पार उलटतो. म्हणूनच आजच्या एका वादाकडे पाहतांना सातपाटीचें स्मरण ठेवणें उपयुक्त ठरेल. तो वाद असा: राष्ट्रगीत चालूं असतां एखाद्या खेळाडूनें निषेध व्यक्त केला, तर त्याला काय म्हणावें?

परक्या सत्तेच्या काळीं आपल्या खेळाडूंनाही हा प्रश्न पडला होता. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें हिंदी पथक हिटलरच्या समोरून गेलें, तेव्हां त्यानें नाझी पद्धतीची, हात उंचावून करावयाची वंदना केली नाहीं. पुढें हॉकीच्या अंतिम सामन्याची वेळ आली. जर्मनीनें आधींच्या सराव-सामन्यांत हिंदी संघास हरविलें होतें, त्यामुळें सारे चिंतेंत होते. तेव्हां साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्त यांनीं कपडे बदलण्याच्या खोलींत बरोबर आणलेला काँग्रेसचा तिरंगा काढला. खेळाडूंनीं त्यास वंदन केलें व ते मैदानांत उतरले. दिवस होता १५ ऑगस्टचा. ध्यानचंदांच्या संघानें जर्मनीवर ८-१ असा विजय मिळविला. मात्र तिरंगा मैदानावर नेण्याची मुभा या विजयी वीरांना नव्हती.

या दोन्ही प्रसंगीं समोरची सत्ता परक्याची होती. त्यामुळें आपला कौल सहज पडतो. खरी कसोटी लागते ती आपल्याच माणसांविरुद्ध निषेध होतो तेव्हां. तिचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. पाळवणकर बंधूंपैकीं थोरले बाळू हे त्या काळचे अव्वल डावखुरे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु चर्मकार कुळांत जन्मल्यामुळें पुण्यांत आरंभीच्या काळांत चहाच्या वेळीं त्यांना संघाबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यांत चहा मिळे. चेंडू त्यांच्या हातून घ्यावयास कोणाची हरकत नव्हती. पेला मात्र वेगळा. हिंदु संघाचें कर्णधारपद तर त्यांना कधींच दिलें गेलें नाहीं.

१९२० सालीं मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या वेळीं बाळूंना वगळण्यांत आलें आणि नेतृत्व देवधरांकडे गेलें. तेव्हां धाकटे बंधू विठ्ठल व शिवराम यांनीं जाहीर निवेदन करून संघांतून अंग काढून घेतलें. स्वतःच्या संघाला, ऐन सामन्याच्या तोंडावर! संघनिष्ठा कोठें गेली, असा प्रश्न त्यांना विचारतां आला असता. परंतु त्या निष्ठेची परतफेड किती झाली होती, हा प्रश्न त्या बंधूंनींच समाजाला विचारला होता. जनमताचा परिणाम झाला. अंतिम सामन्यास बाळू उपकर्णधार म्हणून परतले व बंधूही आले. पुढें १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचे कर्णधार झाले, आणि युरोपियनांवर विजय मिळाल्यावर प्रेक्षकांनीं त्यांना खांद्यावर घेतलें. संघ सोडून जाणाऱ्यानेंच संघाची बाजू उजळ केली होती. विठ्ठलांनीं पुढें 'माझे क्रीडा-जीवन' हें आत्मचरित्र लिहिलें.

अमेरिकेंत हा निवाडा लागण्यास अधिक काळ जावा लागला. १६ ऑक्टोबर १९६८ रोजीं मेक्सिको शहरीं दोनशें मीटरच्या शर्यतींत टॉमी स्मिथ पहिला व जॉन कार्लोस तिसरा आला. राष्ट्रगीत सुरू होतांच या दोघां कृष्णवर्णीय धावपटूंनीं मान खालीं घातली आणि काळा हातमोजा चढविलेली मूठ वर उचलली. प्रेक्षकांतून धिक्काराचे आवाज उठले. दोघांची पथकांतून हकालपट्टी झाली. घरीं मृत्यूच्या धमक्या आल्या. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन हा गोरा. त्यानें मानवी हक्कांच्या चळवळीचें तेंच पदक छातीवर लावलें होतें, आणि मायदेशीं त्यालाही रोष पत्करावा लागला. २००५ सालीं सॅन होझेच्या विद्यापीठांत स्मिथ व कार्लोस यांचे पुतळे उभे राहिले. दुसऱ्या वर्षीं नॉर्मन वारला, तेव्हां त्याच्या शवपेटीला या दोघांनीं खांदा दिला. पुढें २०१६ मध्यें कॉलिन केपरनिक हा अमेरिकन फुटबॉलपटू पोलिसांच्या अत्याचारांविरुद्ध राष्ट्रगीताच्या वेळीं गुडघा टेकून बसूं लागला. २०१७ पासून त्याला कोणत्याही संघानें घेतलें नाहीं.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. राष्ट्रगीत ही सर्वांची समायिक वस्तु आहे; जो तो आपलें गाऱ्हाणें तेथें मांडूं लागला तर एकत्र उभें राहण्याचा एकही क्षण उरणार नाहीं. आक्षेप खरा आहे. परंतु गीत थांबविणें वेगळें, आणि गीत चालूं असतां मान खालीं घालून आपलें दुःख दाखविणें वेगळें. आपला १९७१ चा कायदाही गायनास प्रतिबंध करणाऱ्याला व गाणाऱ्या सभेंत व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा सांगतो. केरळांतील तीन शाळकरी मुलें धर्मश्रद्धेपायीं गीत गात नसत, पण आदरानें उभीं राहत. त्यांना शाळेंतून काढलें गेलें, तेव्हां १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्याच बाजूनें निकाल दिला. आदराला एकच रूप नसतें, हें त्या निकालानें मान्य केलें.

श्रोतेहो, हुतात्म्यांना वंदन करणें सोपें असतें. त्यांनीं ज्यांना अस्वस्थ केलें ते राज्यकर्ते आतां येथें नाहींत. आपल्याच काळांतील, आपल्यालाच अस्वस्थ करणाऱ्या माणसाचें म्हणणें ऐकणें कठीण असतें. तो काय करतो हें पाहून राग येईल, तर येऊं द्यावा. परंतु तो असें कां करतो, एवढें विचारल्याशिवाय निकाल देऊं नये. १९२० सालीं मुंबईकरांना तेवढा विचार सुचला, आणि अवघ्या तीन वर्षांत त्यांना विठ्ठलसारखा कर्णधार लाभला.